'आक्रीत' कुणी पाहिलाय का? (आणि असेच हातून निसटलेले सिनेमे)

पूर्णाकाठ

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं, निमित्त घरातच मिळालं.

'मानवत मर्डर्स' ही मालिका (सोनी लिव्ह, २०२४) आम्ही उशिराच पाहिली. मी परभणीचा, आजोळ मानवत रोड स्टेशनपासून बैलगाडीच्या अंतरावर. दुसऱ्याच भागाला आई उठून स्वयंपाकघरात गेली. मानवतच्या त्या नरबळीच्या खुनांच्या वेळी, म्हणजे १९७२ ते ७४ मध्ये, ती दहा-अकरा वर्षांची होती. म्हणाली, "दिवेलागणीच्या आत कोंडायचे आम्हाला घरात. वर दुष्काळ. मिलोची लाल भाकर आन् ही भीती, दोन्ही संगंच गिळलं. आता टीव्हीवर कशाला बघू?" अर्ध्या तासानं चहा घेऊन आली आणि उरलेले सगळे भाग जागेवरून न हलता पाहिले, ते सोडा.

मग मी सांगितलं की ह्याच प्रकरणावर १९८१ साली एक मराठी सिनेमा आला होता, 'आक्रीत'. अमोल पालेकरांचं दिग्दर्शनातलं पहिलं काम, लेखन विजय तेंडुलकरांचं. फ्रान्समध्ये नांतच्या महोत्सवात त्याला बक्षीसही मिळालं. घरात कुणालाच पत्ता नव्हता. मामाला फोन केला, त्यानंही नाव ऐकलेलं नाही. म्हणजे नांतच्या लोकांनी आमचं मानवत पाहिलं आणि मानवतवाले राहिले!

तर इथं कुणी पाहिलाय का? आणि असे आणखी कोणते सिनेमे आहेत, जे चांगले असून आपल्यापर्यंत आलेच नाहीत? कादंबरी-कथेवरून केलेले असतील तर फारच उत्तम. एकच विनंती, "छान आहे, जरूर पाहा" एवढ्यावर भागवू नका. पाहून तुम्हाला काय झालं ते लिहा.

एकपडदा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

मांजराकाठची

मी पाहिलाय. पुण्यात शिकताना एका फिल्म सोसायटीच्या खेळाला, पंचवीसेक वर्षं झाली असतील. प्रोजेक्टर दोनदा बंद पडला होता, पण चित्रा पालेकरांचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे. मालिकेत आपण तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मागं मागं फिरतो, कारण ती रमाकांत कुलकर्णींच्या आठवणींवरून केलेली आहे. कोण सापडणार याची उत्सुकता असते. 'आक्रीत' ज्यांच्यावर खून करवल्याचा आरोप होता त्या बाईच्या आणि त्या पुरुषाच्या घरात शिरतो. तिथं उत्सुकता नाही, नुसती घुसमट. खेळ संपल्यावर मैत्रीण म्हणाली, "तुमच्याकडं असंच असतं का गं?" मला इतका राग आला की मी रिक्षात तिच्याशी बोलले नाही. राग तिचा नव्हता बहुतेक. आपल्या भागाचं नाव पडद्यावर यायचं म्हणजे दुष्काळ नाहीतर नरबळी, त्याचा होता.

दखनी

मांजराकाठची, +१. मालिकेत मला मकरंद अनासपुरेंचं बोलणं खरं वाटलं. बाकी बऱ्याच जणांचं ऐकताना कळतं की ही शिकवणी लावून आणलेली बोली आहे. "काहून"चा उच्चार पाठ करून येत नसतो, हौ.

आता माझ्याकडून एक. 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची, पालेकरांचा सिनेमा १९९५ चा. आपल्याकडच्यांना सांगायची गोष्ट ही, की त्यातले, धनगरांच्या वस्तीवर शाळेला आलेले मास्तर झालेत ते चंद्रकांत कुलकर्णी. आपल्या औरंगाबादचे, 'जिगीषा' नाट्यसंस्थेवाले. नाट्य दिग्दर्शक म्हणून सगळे ओळखतात, ह्या कामाबद्दल कुणी बोलत नाही. मास्तर आधी घाबरलेला असतो, मग वस्तीचा होऊन जातो. हा बदल कुठल्या एका प्रसंगात दाखवता येत नाही, तो त्यांनी चालण्यातून दाखवलाय. सुरुवातीला धोतर सांभाळत चालतात, नंतर नाही.

वस्तीशाळा

दखनी, तुम्ही नाव काढलंच तर लिहितो. एरवी मी वाचनमात्र असतो.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेतल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. डीएडला असताना 'बनगरवाडी' वाचली. आवडली, पण आवडली म्हणजे काय, परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न यायचा. सिनेमा पाहिला नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी, मोबाईलवर, शाळेच्याच खोलीत, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर हे मुद्दाम सांगतोय. दसरा झाला की आमच्याकडं ऊसतोडीचे मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटून मोकळे झालेले असतात. मग एक दिवस ट्रॅक्टर येतात. भांडी, कोंबड्या, कोयते, लेकरं, सगळं वर चढतं आणि टोळी कारखान्याला जाते. पटावर अडतीस, वर्गात नऊ. म्हाताऱ्या माणसांपाशी ठेवलेली, नाहीतर हंगामी वसतिगृहात आणलेली.

त्या सिनेमाच्या शेवटाला दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात आणि वस्ती उठून जगायला जाते. मास्तर राहतो आणि रिकामी घरं राहतात. कादंबरीत ते वाचलं तेव्हा मला ते माणदेशातलं, संस्थानी काळातलं, झालं-गेलं वाटलं होतं. मोबाईलवर ती रिकामी घरं दिसली आणि मी मान वर केली, तर खिडकीतून तेच दिसत होतं. कड्या लावलेली घरं आणि एक कुत्रं. ते कुत्रं रोज टोळी गेली त्या वाटंपर्यंत जायचं आन् परत यायचं.

मास्तरानं तिथं तालीम बांधून घेतली, मी काय केलं असं लई दिवस वाटत राहिलं. नंतर जरा शहाणपण आलं. मी स्वच्छतागृहाचं दार बसवून घेतलं.

एकपडदा

वस्तीशाळा, वाचनमात्र राहू नका हो. लिहीत जा.

आता माझं. माझे वडील तालुक्याच्या टॉकीजला ऑपरेटर होते. सिनेमाची पेटी यष्टीच्या टपावरून यायची. आधी मुंबई-पुण्यात चालून, मग जिल्ह्याला घासून, मग आमच्याकडं. तोवर प्रिंटवर एवढे ओरखडे पडलेले असायचे की वैशाखातल्या सीनमध्येही पाऊस चालू असायचा. रीळ तुटली की चिकटवताना दोन-चार फुटं जायची, म्हणजे आमच्या गावानं कुठलाच सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही.

'एक होता विदूषक' (१९९२) आला तेव्हा पोस्टरवर लक्ष्मीकांत बेर्डे. पहिल्या दिवशी गर्दी, शिट्ट्या, बाहेर भेळेच्या दोन गाड्या जादा. लोकांना काय माहीत की पटकथा पु. ल. देशपांड्यांची आहे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि हा तमाशातला सोंगाड्या आबूराव पुढं सिनेमात आणि राजकारणात जाता जाता आतून पोकळ होत जाणार आहे. शिट्ट्या कधी थांबल्या ते कळलंच नाही. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तिसऱ्या दिवशी मालकानं पेटी बांधायला सांगितली आणि जागी एक मारामारीचा हिंदी लावला. वडील म्हणायचे, लोकांनी तिकीट लक्ष्याचं काढलं होतं, आबूरावचं नाही.

मी तेव्हा सातवीत. केबिनच्या भोकातून तीन दिवसांत सात खेळ पाहिले. न हसणाऱ्या पोरीला हसवायला बाप धडपडतो, तो भाग आला की वडील मशीनकडं बघायचे सोडून पडद्याकडं बघायचे. कार्बन विझायची वेळ यायची.

कोरडवाहू

पण तो कादंबरीवरून नाही ना? धाग्याचा विषय काय, चाललंय काय.

पूर्णाकाठ

कोरडवाहू, धागा माझा आहे, चालू द्या :) नुसते निसटलेलेही चालतील. आणि त्यातली गाणी ना. धों. महानोरांची आहेत, त्यामुळे आपला हक्कच पोचतो.

महानोरांवरून आठवलं, 'जैत रे जैत' (१९७७). आता कुणी म्हणेल, हा कसला दुर्लक्षित. तर हात वर करा बघू. गाणी पाठ असलेले किती, सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेले किती, आणि गो. नी. दांडेकरांची मूळ कादंबरी वाचलेले किती? मी पहिल्या रांगेत वर्षानुवर्षं बसलो होतो. 'नभ उतरू आलं' लागलं की आवाज वाढवायचो. कादंबरी वाचली चाळिशीत. तेव्हा कळलं की ही राणीमाशीशी वैर धरणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. मधमाश्यांनी नाग्याचा डोळा घालवला म्हणून तो लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवायचा पण करतो, आणि त्या पणाची किंमत चिंधी देते. गाण्यांनी आपल्याला इतकं गोड करून ठेवलंय की शेवट किती कडू आहे ते लक्षातच राहत नाही. शिवाय हे ठाकरांचं, कोकणच्या डोंगरातलं जग, त्याला शब्द दिले अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेडमधल्या शेतकऱ्यानं. ते उपरे वाटत नाहीत, हे मला अजून कोडं आहे.

मांजराकाठची

मी पहिल्या दोन रांगांत. कादंबरी नाही वाचली, कबूल.

माझ्याकडून 'उंबरठा' (१९८२). सिनेमा अजिबात दुर्लक्षित नाही, माहितीय. दुर्लक्षित आहे ती ज्यावरून तो निघाला ती कादंबरी, शांता निसळांची 'बेघर'. मला ती अंबाजोगाईच्या एका जुन्या वाचनालयात, पाठीमागचं पुठ्ठं निघालेल्या अवस्थेत मिळाली. शेवटचा शिक्का एकोणीस वर्षांपूर्वीचा होता.

सिनेमा मी आईसोबत दूरदर्शनवर पाहिला होता. रविवारी दुपारी राष्ट्रीय वाहिनीवर प्रादेशिक सिनेमे लागायचे, खाली इंग्रजी अक्षरं यायची, त्यातच कधीतरी. सुलभा महाजन लेक घरी ठेवून सुधारगृहाच्या नोकरीला निघते तिथं आई म्हणाली, "चुकतंय हिचं." शेवटी ती पुन्हा घर सोडून निघते तिथं आई काहीच म्हणाली नाही. मी विचारलं, आता? तर, "उठ, धुणं काढ दोरीवरचं." तिच्या ह्या न बोलण्याचा अर्थ मी पुढं वीस वर्षं लावत बसले. गेल्या वर्षी तिला 'बेघर' वाचून दाखवायला घेतली, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. रोज वीस पानं. मध्येच म्हणाली, "ह्या बाईला स्मिता पाटीलचा चेहरा देऊ नको, हिचा वेगळा असंल." मला ते फार पटलं. सिनेमानं चेहरा दिला की कादंबरी बिचारी त्या चेहऱ्यामागं लपून जाते.

देगलूर_नाका

नमस्कार. आमचं गाव तेलंगणाच्या शिवेवर, घरी मराठी आन् बाजारात तेलुगू. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' वाचलेले इथं बरेच असतील. त्यावर श्याम बेनेगलांनी १९७८ साली सिनेमा केला, आणि एकाच वेळी दोन भाषांत. हिंदीत 'कोंडुरा', तेलुगूत 'अनुग्रहम'. मी तेलुगू आधी पाहिला आणि मराठी कादंबरी नंतर वाचली, म्हणजे उलट्या वाटेनं गेलो. कादंबरीतलं कोकण आणि पडद्यावरचं आंध्र, पण अंगात येणं, मुळी, शाप, जमीनदाराचा वाडा, हे सगळं आमच्या ओळखीचं. माझ्या आजीला अनंत नागाचा परशुराम खरा साधूच वाटला. "ह्याला कुणीतरी सांगा रे, देवी बाईच्या रूपात फसवती," म्हणून टीव्हीपुढं हात जोडून बसली होती. खानोलकर कोकणाबाहेर कसे चालतील अशी शंका असणाऱ्यांनी माझ्या आजीला विचारावं. आता ती नाही.

कोरडवाहू

भाषेचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगतो. सदानंद देशमुखांची 'बारोमास', २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. बुलढाण्याकडची असली तरी आम्हा जालनेकरांना देऊळगाव राजा काही परकं नाही. ती मी सोयाबीनच्या राखणीला बसून वाचली. एकनाथ शिकलेला, नोकरी नाही, शेतीत दम नाही, बायको रुसलेली. मला वाटलं माझंच कुणीतरी लिहिलंय. धीरज मेश्रामांनी त्यावर सिनेमा केला तो हिंदीत. सीमा बिस्वास वगैरे मोठे कलाकार आहेत, मेहनत आहे, खोट काढत नाही. पण शेवंतामाय तोंड उघडून हिंदीत बोलली आणि माझ्यापुरता सिनेमा तिथं संपला. जिची भाकरीसुद्धा वऱ्हाडीत भाजली जाते ती बाई "खाना खा लो" म्हणल्यावर काय उरतं?

दखनी

कोरडवाहू, अर्धा सहमत. दोष हिंदीचा नाही, ती कुठली हिंदी आहे त्याचा आहे. बेनेगलांचाच 'अंकुर' (१९७४) पाहा. हैदराबादकडची दखनी. शबाना आझमींची लक्ष्मी बोलते ती आमच्या गल्लीतली, सिटी चौकातली बोली वाटते. तेही निजामाचं राज्य, आपणही निजामाच्या राज्यातले. मला 'अंकुर' हा कित्येक मराठी ग्रामीण सिनेमांपेक्षा जास्त 'मराठवाड्याचा' वाटतो, आणि त्यात मराठीचा एक शब्द नाही. फेटा, पाटील, हलगी आणि "व्हय जी" असलं की झालं ग्रामीण, असं समजणाऱ्या सिनेमांपेक्षा तर नक्कीच.

कोरडवाहू

हे मान्य. "व्हय जी"वर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

मांजराकाठची

ह्यावरून मला नेहमी पडणारा प्रश्न. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' (१९७१) पडद्यावर कशी आणाल? अख्खी कादंबरी पार्वती सांगते, तिच्या तोंडच्या बोलीत. गावातल्या शिंप्याचं घर कसं उसवत गेलं, ते तिच्या श्वासासकट ऐकू येतं. कॅमेरा लावला की घर दिसेल, मशीन दिसेल, गंगाराम दिसेल. पण पार्वती बोलायची थांबली की 'पाचोळा' संपला. मागून निवेदन लावणं ही पळवाट आहे. मला वाटतं, एक बाई, एक खाट, आणि दीड तास तिचं बोलणं. कुणाची हिंमत आहे?

एकपडदा

वडील असते तर म्हणाले असते, दुसऱ्या दिवशी पेटी बांध.

टाळकरी

मी 'दिठी'बद्दल लिहितो, सुमित्रा भावेंचा शेवटचा. २०२१ मध्ये लॉकडाऊनच्या दिवसांत थेट मोबाईलवर आला, त्यामुळं आमच्यासारख्यांना टॉकीजशिवाय मिळाला. दि. बा. मोकाशींच्या 'आता आमोद सुनासि आले' ह्या कथेवरून केलाय. रामजी लोहार, तीस वर्षांचा वारकरी, त्याचा तरणा पोरगा पुरात जातो. माळ गळ्यात, पोथी पाठ, आणि दुःख काही हलत नाही. भर पावसात एक गाय अडते आणि तिला सोडवायला त्यालाच बोलावतात.

आमच्या घरात माळ आहे. त्या वर्षी आमच्याकडंही एक माणूस गेलं होतं, तपशील नको. वडील कीर्तनाशिवाय काही बघत नाहीत. मी मोबाईल उशीला टेकवून लावून दिला. सुरुवातीला "हे भजन करायला लागले की उठव" म्हणून आडवे झाले. गाय अडली तसे उठून बसले, चष्मा चढवला आणि मोबाईललाच सांगायला लागले, "आरं हात घाल, पाय सापडतोय का बघ, वढू नको, कळ येऊ दे." आईनं आतून विचारलं, कुणाशी बोलताय? किशोर कदमांना ते ऐकू गेलं असावं असं वाटण्याइतकं सगळं बरोबर झालं.

संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला. म्हणाले, "ओवी नीट म्हटली त्यांनी." बास. सकाळी पाहिलं तर 'अमृतानुभव' खाली काढलेला, वर्षभर फडताळातून हलला नव्हता.

मोकाशींची कथा मी नंतर मिळवून वाचली. एका बैठकीची आहे. तेवढ्यावर सिनेमा उभा केला म्हणजे बाईंनी पाणी घालून वाढवला असेल अशी मला शंका होती. तर पाणी घातलंयच, पण पावसाचं. अख्खा सिनेमा भिजलेला आहे.

पूर्णाकाठ

टाळकरी, हे वाचून मी पाच मिनिटं काही लिहू शकलो नाही.

देगलूर_नाका

'पाणी' राहिलाच की. आमच्या नांदेडचा, लोहा तालुक्यातली नागदरवाडी. पाणी नाही म्हणून गावात पोरी द्यायला कुणी तयार नाही, तिथं हनुमंत केंद्रेंनी काम उभं केलं त्याची खरी गोष्ट. आदिनाथ कोठारेंनीच दिग्दर्शन केलं, काम केलं. पर्यावरणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि थेटरात यायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर गावातल्या पोरांची लग्नं होऊन त्यांची लेकरं शाळेत गेली असतील. माझी कुरकुर एकच, शेवट जरा लवकर गोड होतो. पण आमच्या शेजारच्या थेटरात लोहा तालुक्याचं नाव आलं तेव्हा मागून एक जण ओरडला, "मपलं सासर!" त्यापुढं समीक्षा चालत नाही.

कोरडवाहू

अजून एक, घाईत. '७२ मैल: एक प्रवास' (२०१३). राजीव पाटलांचा, अशोक व्हटकरांच्या पुस्तकावरून. त्यांचा 'जोगवा' सगळे पाहतात, हा कुणी नाही. स्मिता तांबेची राधाक्का पोरं घेऊन नुसती चालते. पाहून झाल्यावर पाय दुखतात. त्याच वर्षी पाटील गेले.

वस्तीशाळा

तीन आठवड्यांनी परत येतोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

इथली चर्चा वाचून मनात आलं म्हणून केंद्रातून प्रोजेक्टर मागून आणला आणि हंगामी वसतिगृहातल्या लेकरांना 'बनगरवाडी' दाखवला. पांढरं धोतर भिंतीवर लावलं. तिसरी ते सातवी, एकूण बावीस पोरं. पहिला अर्धा तास मेंढरं मोजण्यात गेला. दोघं झोपले. तालमीचं बांधकाम सुरू झालं तेव्हा जरा जीव आला, कारण आमच्याकडंही खोलीचं काम चालू आहे आणि गवंडी ह्यांच्या ओळखीचा आहे.

शेवटी वस्ती उठायला लागली तशी सगळी गप्प झाली. मला वाटलं, आता कुणी रडतं की काय, उगाच दाखवला. तेवढ्यात चौथीतली एक पोरगी, तिचे आई-बाप सध्या सांगलीकडच्या कारखान्यावर आहेत, मला म्हणाली, "गुर्जी, ह्यायचा मुकादम कोण हाये?"

मी म्हटलं, ह्यांना मुकादम नाही.

"मंग उचल कुणी देली? चाल्ले कुठं?"